गळ निर्दोष होता: स्मोकी पर्वतातल्या ब्रूक ट्राउटची गोष्ट

आजचा एपिसोड आहे जेमतेम वीतभर लांबीच्या एका माशावर. त्याला वाचवायला तीसेक वर्षं बंदी घातली गेली, आणि बंदी चुकीच्या गोष्टीवर होती.

अमेरिकेच्या पूर्वेला, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ग्रेट स्मोकी पर्वत आहेत. तिथल्या ओढ्यांमधला मूळचा ट्राउट एकच, ब्रूक ट्राउट. ब्रूक म्हणजे ओढाच. अंगावर निळ्या कडांचे लाल ठिपके, पाठीवर नागमोडी नक्षी, परांना पांढरी किनार. स्थानिक लोक त्याला लाडानं ‘स्पेक’ म्हणतात. तसा शास्त्राच्या हिशोबात तो खरा ट्राउट नाहीच, चुलतभाऊ आहे. असो.

त्याला गार, स्वच्छ पाणी लागतं. अशा ओढ्यात खायला फार नसतं, त्यामुळे समोरून वाहत येईल त्यावर तो झडप घालतो. प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मासेमार खालून वर, त्याच्या पाठीमागून, वाकून चालत येतात. काठी आखूड, कारण डोक्यावर झाडी. दगडाआडच्या परातीएवढ्या डोहात पिसांची खोटी माशी टाकायची. दोन-तीन सेकंदांत काय ते कळतं. इतका भोळा मासा!

मग लाकूड कंपन्या आल्या. 1901 साली लिटल रिव्हर कंपनी सुरू झाली, ओढ्यांच्या काठानं रेल्वे वर चढली आणि जंगल खाली उतरलं. सावली गेली, पाणी तापलं, गाळ आला. ब्रूक ट्राउट खालच्या भागातून नाहीसा झाला. लोकांना मासे तर हवे होते. मग अमेरिकेच्या पश्चिम भागातला रेनबो ट्राउट आणून सोडला.

1934 मध्ये नॅशनल पार्क झालं. झाडं परत वाढली, पाणी परत गार झालं. आता ब्रूक ट्राउट खाली यायला हवा होता ना? पण घरात भाडेकरू बसला होता. रेनबोनं जागा सोडली नाहीच, उलट तोच वर सरकत गेला. आणि हे सगळं चालू असताना पार्क स्वतः 1970 च्या दशकापर्यंत रेनबो सोडत होतं! ब्रूक ट्राउटनं जुन्या मुलखाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग गमावला. उरला तो बहुतेक धबधब्यांच्या वर, जिथं रेनबोला उडी मारून जाता येत नाही.

यावर 1970 च्या दशकात उपाय निघाला: ब्रूक ट्राउट पकडायला बंदी. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बग एका फाइलमध्ये, दुरुस्ती दुसऱ्याच. पुढे काही ओढे प्रयोगापुरते उघडले, मासे मोजले. गळानं संख्येत फरक पडत नव्हता. 2006 साली पार्कमधल्या बहुतेक ओढ्यांवरची बंदी उठली. सात इंचांपेक्षा लहान मासा मात्र परत सोडायचा.

खरा इलाज जास्त कठोर होता. लहान ओढ्यांत विजेचा सौम्य धक्का देऊन रेनबो वेचून काढले. लिन कॅम्प प्राँग हा ओढा त्या मानानं मोठा. तिथं 2008 पासून चक्क विष टाकलं, अँटिमायसिन. त्याची मात्रा अगदी थोडी, पण कल्ल्यांतून भिनते. खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट टाकून त्याचा असर मोडला. हो, तेच जांभळं औषध, जे आपल्याकडे विहिरीत टाकतात. मग मूळचे मासे आणून सोडले. खालून रेनबो परत येऊ नये याची राखण धबधबा करतो. 2015 मध्ये तो ओढा मासेमारीला खुला झाला.

आणि त्याच 2015 मध्ये, पश्चिमेला यलोस्टोन भागातल्या सोडा बट क्रीकमध्येही विष टाकलं गेलं, तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटला वाचवायला. तिथं माणसांनी आणून सोडलेला, हाकलायचा परका मासा होता ब्रूक ट्राउट.