निःशस्त्रीकरणाचे अर्थकारण (सांगवी-खडकी परिसर)

शस्त्रबळ व सैन्यखर्च घटविल्याने होणारी बचत आणि त्याच घटीपायी बुडणारी चाकरी यांचा जमाखर्च मांडणारा अर्थशास्त्रीय विषय. पवना-मुळा संगमालगतचे सांगवी औंधची लष्करी छावणी, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना यांच्या शेजारी वसले असल्याने येथे हा विषय पुस्तकी राहत नाही.

या मुलखातील पहिले मोठे निःशस्त्रीकरण पराभवातून आले. खडकीच्या लढाईनंतर (५ नोव्हेंबर १८१७) पेशवाई बुडाली, तेव्हा फौजेवरील खर्च सुटला खरा. परंतु ती बचत कंपनी सरकारच्या पदरी पडली आणि तिची झळ शिलेदार, बारगीर व गडकोटांवरील शिबंदीला लागली. पुरंदरच्या रखवालीची चाकरी गमावलेल्या रामोश्यांनी उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली बंड उभारले, तेव्हा कुठे सरकारला माफी, जमीन व नोकरी हे उपाय आठवले. तेही टिकले नाहीत आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी झाली. आधी पोटाची सोय लावून मग हत्यार उतरवावे, हा क्रम राज्यकर्त्यांना बहुधा उलटाच सुचतो.

या जमाखर्चाची दुसरी बाजू, म्हणजे सैन्यखर्चाचा बोजा, गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढील साक्षीत व १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात मांडली : सरकारची शिल्लक ही रयतेवरील जादा करांची फलश्रुती असून, वाढता लष्करी खर्च शिक्षणादी निकडीच्या गरजांना मागे रेटतो.

युद्धाच्या गरजेतून कधी नागरी लाभही निघतो : पेनिसिलिनचे विपुल उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने साधले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने ती विद्या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आली. यावरून युद्धखर्चाचे समर्थन करणे मात्र अप्रस्तुत होय.

चाकरीचा प्रश्न अलीकडेही उभा राहिला : १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या व खडकीचे कारखाने त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाकडे गेले. कामगार संघटनांचा विरोध सेवाशर्तींच्या चिंतेतून होता. शस्त्रांविषयीच्या ममत्वाचा त्यात भाग नव्हता. शस्त्रसाठ्याची झळ जमिनीलाही बसते : देहूरोड व दिघी येथील दारूगोळा कोठारांभोवतीच्या ‘रेड झोन’मध्ये संरक्षण बांधकामांविषयीच्या १९०३ च्या कायद्यान्वये बांधकामावर निर्बंध आहेत. भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यात जमिनीचे भाव चढत असता तेथील भूधारकाला सोसावी लागणारी तूट संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात सहसा खर्ची पडत नाही.