२० डिसेंबर : खराटा आणि हायड्रॉलिक पाते

१९५६ : अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. आधी खराट्याने गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन, हा त्यांचा शिरस्ता.

इकडे खराटा चालत असताना तिकडे अमेरिकेत गारवुड कंपनीने १९३८ मध्येच ‘लोड पॅकर’ ही कचरा दाबून भरणारी गाडी आणली होती. मागच्या तोंडात कचरा ओता, हायड्रॉलिक पाते तो आत ओढून दाबते. तेवढ्याच गाडीत जास्त माल, फेऱ्या कमी. युक्ती झकासच! पण आपला कचरा पडला ओला : भाजीचे देठ, आंब्याच्या साली, चहाचा चोथा. दाबला की गाडीमागे रस्ताभर आंबूस पाण्याची धार, आणि ती पुसायला पुन्हा खराटाच.