टाचेतला काटा

टाचदुखी शिक्षकांना नवी नाही. दिवसभर फरशीवर उभे राहून शिकवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत काटा रुतल्यासारखी कळ यावी, हा अनेकांचा अनुभव असतो. एक्स-रे काढला तर कित्येकदा टाचेच्या हाडाला फुटलेला काटा दिसतो. ‘हाड वाढले आहे’ हे कळताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता ते कापावे लागणार का? बहुतेकांच्या बाबतीत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्या उत्तरापर्यंत पोचायला वैद्यकाला सुमारे शंभर वर्षे लागली.

दुखणे अर्थातच जुने आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने होणाऱ्या ‘वातकंटक’ या व्याधीचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे आणि वैद्य तिचा संबंध टाचदुखीशी जोडतात. त्या नावातही काटा आहे, पण तो वेदनेचा. हाडाचा काटा दिसण्यासाठी क्ष-किरणांची गरज होती. राँटगेन यांनी ते १८९५ मध्ये शोधले आणि १९०० मध्ये प्लेटनर या जर्मन डॉक्टरांनी टाचेच्या हाडावरील काट्याचे वर्णन केले. रुग्णाला जे टोचत होते, तेच जणू काचेवर उमटले! कारण सापडले असे वाटणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक विल्यम बेअर यांनी १९०६ मध्ये अशा काट्यांच्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि परमा या रोगाच्या जंतूंना दोषी धरले. काटा काढून टाकणे हा मग सरळ उपाय ठरला.

चूक कोठे झाली? एक्स-रे दुखणाऱ्या टाचांचे काढले जात होते. न दुखणाऱ्या टाचांत काय असते, हे पाहण्याचे कारणच कोणाला वाटले नाही. १९६३ मध्ये रुबिन आणि विटेन यांनी काटा असलेल्या लोकांची तक्रार तपासली. त्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांचीच टाच दुखत होती! उलट, टाच दुखते पण काटा नाही, असेही पुष्कळ रुग्ण आढळतात. शिवाय हा काटा जमिनीकडे नव्हे, तर पुढे बोटांच्या दिशेने वाढतो. तो तळव्यात टोचतो ही कल्पनाच मुळात चुकीची होती.

मग दुखते काय? टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत ‘प्लँटर फॅशिया’ नावाचा चिवट पट्टा असतो. त्याचे काम हिक्स यांनी १९५४ मध्ये उलगडून दाखवले. बसून आपल्या पायाचा अंगठा हाताने वर वाकवून पाहा. तळव्यात दोरीसारखा ताण लागेल आणि पायाची कमान उचलली जाईल. रहाटावर दोर गुंडाळला जावा, तसा हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो. प्रत्येक पावलाला हे घडते. फार उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे टाचेजवळ या पट्ट्याची झीज होते. रात्री विश्रांतीत तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून ती कळ.

कारण बदलले, तसा उपायही बदलला. २००३ मध्ये अमेरिकेत डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी १०१ जुनाट रुग्णांवर दोन व्यायामांची तुलना केली. केवळ पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा तळव्याचा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांत अधिक आराम पडला. पद्धत सोपी आहे. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, दहापर्यंत मोजावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप सकाळी पाऊल टेकण्यापूर्वी. जोडीला मऊ टाचेची पादत्राणे घालावीत आणि कठीण फरशीवर अनवाणी वावर टाळावा. धीर मात्र हवा, कारण आराम पडायला काही महिने लागतात. बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. सूज, ताप, बधिरपणा किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी दाखवावे.

काटा आणि वेदना यांचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. टाच दुखणाऱ्यांत काटा अधिक प्रमाणात आढळतो. पण वय, वजन आणि सततचा ताण या दोहोंच्या मुळाशी असू शकतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण वर्गात सांगतो. पुढच्या वेळी हे उदाहरण द्यावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे : बेअर यांनी आणखी कोणाचे एक्स-रे काढायला हवे होते?