बार्बेक्यू नक्की कुठल्या गावाचं?

कोल्हापूरची, पुण्याची की नाशिकची? मिसळीचा हा वाद तीन मराठी माणसं जमली की सुरू होतो आणि बिल आलं तरी संपत नाही. अमेरिकन माणसाला असंच डिवचायचं असेल तर विचारा, "बार्बेक्यू सगळ्यात चांगलं कुठल्या गावात मिळतं?" मी कॅन्सस सिटीला होतो तेव्हा एकदा लंचला हा प्रश्न अगदी भाबडेपणाने विचारून बसलो. टेबलावर एक ऑस्टिनचा, एक मेम्फिसचा आणि दोन तिथलेच. त्या दिवशी एकची मीटिंग पावणेदोनला सुरू झाली!

नंतर वीकेंडला यावर जमेल तसं वाचत गेलो, जमेल तिथे खात गेलो. आणि गंमत अशी की जितकं वाचलं तितका तो प्रश्नच डळमळीत होत गेला. कसा ते सांगतो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मधोमध निखारे आणि त्यावर पनीर-चिकनच्या सळया. तिकडच्या दक्षिणेत याला ग्रिलिंग म्हणतात, आणि बार्बेक्यू म्हणालात तर लगेच दुरुस्त करतात. त्यांचं बार्बेक्यू म्हणजे लाकडाचा धूर, साधारण ११० अंश सेल्सिअसची मंद आच आणि दहा-बारा तासांची चिकाटी. मांस घ्यायचं ते छातीचं, खांद्याचं, बरगडीचं, म्हणजे एके काळी स्वस्तात मिळणारं, चिवट. त्या चिवटपणातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप. (इंजिनिअर मंडळींसाठी : आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत चढतं आणि मग तासन् तास तिथेच अडून बसतं. नवशिका घाबरून आच वाढवतो. कारण साधं आहे. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडत राहतं आणि मांसाला थंड करत राहतं. थोडक्यात, आपला माठ.)

शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असा तो लिहून घेतला. मूळ अर्थ काठ्यांचा माच. पुढे व्हर्जिनिया-कॅरोलायनाच्या इंग्रज वसाहतींमध्ये डुकरं मुबलक, तेव्हा जमिनीत चर खणून, निखारे घालून अख्खी डुकरं भाजायची आणि गाव जेवायला बोलवायचं ही रीत पडली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या डायरीत १७६९ मध्ये अशा एका बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. आता रात्रभर जागून निखारे कोण सारत होतं, व्हिनेगर-मिरचीचा मारा कोण करत होतं? मुख्यतः गुलाम. जेवणाऱ्यांची नावं डायऱ्यांत आली, शिजवणाऱ्यांची बहुतेक नाहीत. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गावं. टेक्ससवाल्यांचा दावा सगळ्यात मोठ्या आवाजातला (त्यांचे सगळेच दावे तसे असतात). तिथे जर्मन आणि चेक स्थलांतरितांची खाटिकखान्याची दुकानं होती. फ्रिज नव्हते, उरलेलं मांस धुरावर टिकवायचं, सॉसेजं करायची. कापूस वेचायला आलेले मजूर ते तिथेच, कागदावर घेऊन खायचे. ऑस्टिनजवळच्या लॉकहार्ट गावातलं 'क्रॉइट्स मार्केट' हे १९०० सालचं. तिथे वर्षानुवर्षं ना सॉस मिळायचा ना काटा. १९९९ मध्ये त्या घरात वाटणी झाली. जुनी इमारत बहिणीकडे, नाव भावाकडे! मग भावाने जुन्या भट्टीतले पेटते निखारे घमेल्यात घालून रस्त्यावरून ओढत नव्या जागेत नेले. आपल्याकडे भाऊबंदकीत देवघरातला देव कोणाकडे यावर भांडणं होतात, तशातलाच प्रकार. बाय द वे, ज्या ब्रिस्केटसाठी आज टेक्सस ओळखलं जातं ते तिथे राजा झालं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोठे कत्तलखाने सुटे तुकडे खोक्यांत भरून पाठवायला लागल्यावर. म्हणजे ही 'प्राचीन परंपरा' आपल्या आईवडिलांच्या वयाची. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशेलिनने टेक्ससमधल्या चार बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा दिला, त्यातली तीन ऑस्टिनची. आमच्या ऑस्टिनकराच्या वंशजांना हे पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.

मेम्फिस म्हणजे डुक्कर. खांद्याचं मांस आणि रिब्स. मिसिसिपी नदीचं बंदर, त्यामुळे मसाले आणि काकवी सहज यायची. पण तिथल्या कोरड्या मसाल्याच्या रिब्स ज्या 'राँदेव्हू'मुळे गाजल्या, ते १९४८ मध्ये काढलं चार्ली व्हर्गोस या ग्रीक घरातल्या माणसाने, एका तळघरात. तळघरात कोळसा ओतण्याचं जुनं धुराडं सापडलं, धूर बाहेर जायची सोय झाली आणि धंदा सुरू. कॅरोलायनाबद्दल कमी लिहितोय कारण तिथे मी पोचलो नाही. एकाच राज्याच्या पूर्वेला नुसतं व्हिनेगर आणि पश्चिमेला त्यात केचप, एवढ्यावर ते लोक एकमेकांशी भांडतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

आणि कॅन्सस सिटी. इथे रेल्वे होती आणि १८७१ पासून गुरांचा प्रचंड बाजार होता, शिकागोच्या खालोखाल. तेव्हा इथे कुठल्याच प्राण्याचं सोवळं नाही. गाय, डुक्कर, टर्की, सगळं धुरावर, आणि वर घट्ट गोडसर सॉस. या गावात १९०७ मध्ये हेन्री पेरी नावाचा एक कृष्णवर्णीय स्वयंपाकी आला. आधी नदीवरच्या बोटींच्या मुदपाकखान्यांत काम केलेला. १९०८ च्या सुमारास त्याने एका बोळात मांस विकायला सुरुवात केली, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. बीफबरोबर ओपोसम आणि रकूनही मिळायचं म्हणे. पुढे अठराव्या रस्त्यापाशी, जिथे तेव्हा जॅझ वाजत होतं त्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, ट्रॉलीच्या जुन्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. सॉस जहाल होता, गोड बिलकुल नाही. १९४० मध्ये पेरी वारला. दुकान त्याच्याकडे काम करणाऱ्या चार्ली ब्रायंटकडे गेलं आणि १९४६ मध्ये चार्लीच्या भावाकडे, आर्थर ब्रायंटकडे. आर्थरने सॉसचा जहालपणा कमी केला. पेरीचाच आणखी एक हाताखालचा माणूस, आर्थर पिंकार्ड, गेट्स कुटुंबाच्या दुकानाला जाऊन मिळाला. ब्रायंट आणि गेट्स, कॅन्सस सिटीची दोन मोठी घराणी, दोन्ही एकाच भट्टीतून निघालेली. १९७२ मध्ये कॅल्विन ट्रिलिन या लेखकाने 'आर्थर ब्रायंट्स' हे जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट असल्याचं छापून टाकलं. (ट्रिलिन कॅन्सस सिटीचाच. चालायचंच.)

मला थांबवलं ते पुढच्या तपशिलाने. हेन्री पेरीचा जन्म कुठला? मेम्फिसजवळचा. आणि ब्रायंट बंधू? टेक्ससचे. म्हणजे ज्याला 'कॅन्सस सिटी स्टाइल' म्हणून आमच्या लंच टेबलावर छाती पुढे काढून मिरवलं जात होतं, ते मेम्फिसकडच्या आणि टेक्ससच्या माणसांनी उभं केलेलं! हौसेने गाव सोडलेलीही माणसं नव्हेत सगळी. त्या काळात दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे निघाले, वेगळे डबे, वेगळे नळ आणि झुंडीने होणाऱ्या हत्या मागे टाकून. सोबत नेता येण्यासारखं भांडवल म्हणजे हातातली कला.

आणि जे मागे राहिले त्यांचं काय? अलाबामातल्या बर्मिंगहॅमला 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचं रेस्टॉरंट होतं, १९२७ पासूनचं. छत्तीस नोकर, त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने आत बसून खायचं नाही, पुडकं बांधून घेऊन जायचं. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर मालक मॅक्लंग कोर्टात गेले : आमचं दुकान स्थानिक, गिऱ्हाईक स्थानिक, केंद्र सरकारचा संबंध काय? सरकारचं उत्तर मांसावर उभं होतं. ऑलीजची वर्षाची अन्नखरेदी दीड लाख डॉलरच्या आसपास, त्यातलं ४६ टक्के मांस होतं आणि त्याचा पुरवठादार ते परराज्यातून आणत होता. म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्यावर अधिकार संसदेचा. १४ डिसेंबर १९६४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने मालकांच्या विरुद्ध निकाल दिला. जे आत शिजवत होते त्यांच्या भाऊबंदांना त्याच टेबलावर बसायला मिळावं म्हणून मांस कुठून आलं याचा हिशेब कोर्टात मांडावा लागला. 'सगळ्यात चांगलं गाव कुठलं' या याद्यांमध्ये बर्मिंगहॅमचं नाव आलं की मला रिब्सच्या आधी हा खटला आठवतो.

पेरीची हकिगत मी लंचला सांगितली. मेम्फिसकर म्हणाला, "म्हणजे आम्ही जिंकलो." ऑस्टिनकर म्हणाला, "ब्रायंट आमचे, तेव्हा आम्ही." स्थानिकांपैकी एकाने तर पेरीचं नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. शनिवारी आम्ही सगळे ब्रायंट्समध्ये गेलो. मी बीफ खात नाही, त्यामुळे ब्रिस्केट आणि बर्न्ट एंड्सच्या बाबतीत माझं मत बाद, म्हणजे अर्धी स्पर्धा मी पाहिलेलीच नाही. रिब्सपुरतं विचाराल तर मला मेम्फिसच्या कोरड्या आवडल्या. त्या टेबलावर मात्र हे बोललो नाही. घरी सोडायला गाडी स्थानिकाची होती.