बार्ल नदी

इंग्लंडच्या नैऋत्येकडील एक्समूर पठारावर उगम पावून सॉमरसेट परगण्यातील डल्व्हर्टन गावाच्या खालच्या बाजूस एक्स नदीस मिळणारी नदी. सायमन्सबाथ, विथीपूल ही तिच्या काठची लहान गावे. तिची ख्याती मुख्यतः टार स्टेप्स या पुलामुळे आहे. सुमारे ५५ मी. लांबीच्या या पुलाला १७ गाळे असून चुना न वापरता रचलेल्या खांबांवर नुसत्या शिळा आडव्या टाकलेल्या आहेत. काहींचे वजन टनाहून अधिक भरते. हा पूल कांस्ययुगीन असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, पण या मताला बांधणीच्या ओबडधोबडपणाखेरीज फारसा आधार नाही, आणि ओबडधोबड म्हणजे प्राचीन हे गृहीतच कच्चे आहे. जवळ दगड व मनुष्यबळ असले की असा पूल कोणत्याही शतकात रचता येतो. याच नदीवर वरच्या अंगाला लँडेकर येथे मध्ययुगाच्या अखेरीचा पाच कमानींचा पूल उभा आहे. म्हणजे कमानीची विद्या या खोऱ्याला अपरिचित नव्हती. तरी येथे कमान का नाही? टार स्टेप्सलगतच नदी ओलांडण्याजोगा उतार आहे. गाड्या पाण्यातून जात असतील, तर पादचाऱ्यांपुरत्या शिळा पुरेशा होत्या. त्यामुळे पूल मध्ययुगीन मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. (सैतानाने हा पूल बांधला व तो तेथे ऊन खात पडतो, ही दंतकथा कालनिर्णयास निरुपयोगी, पर्यटनास मात्र फलदायी.)

१९५२ च्या ऑगस्टमधील महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०१२ मध्ये टार स्टेप्सच्या शिळा वाहून गेल्या. त्यांवर क्रमांक घातलेले असल्याने त्या शोधून जागच्या जागी बसवता येतात. मग आज दिसतो तो पूल जुना कसा, असा आक्षेप निघतो. जोडकाम केलेल्या वास्तूबाबत तो रास्तही ठरेल. पण येथे सांधाच नाही, तेव्हा निखळणे आणि पुन्हा रचणे हा या बांधणीचा अंगभूत गुण समजावा लागतो. सिमेंटने शिळा पक्क्या केल्या, तर पूल कदाचित टिकेल, परंतु ती रचना उरणार नाही. म्हणून बंदोबस्त पुलाबाहेर केला आहे : प्रवाहाच्या वरच्या बाजूस पोलादी दोर ताणून वाहत येणारे ओंडके अडवतात. २०१२ मध्ये ते दोरही तुटले. भोवतालचे जंगल राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र असल्याने पुलाला धोका देणारे लाकूड पूर्णपणे हटवणे हा सोपा उपाय राहत नाही. डार्टमूर व एक्समूर यांना जोडणारी, १९७६ मध्ये खुली झालेली टू मूर्स वे ही पदभ्रमणवाट टार स्टेप्सवरून नदीकाठाने विथीपूलकडे जाते.