डॅशबोर्डावरील मीटर, अभिजात स्पोर्ट्स मोटारींचे : जीर्णोद्धार आणि फेरफार

जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या डॅशबोर्डावरील वेग, इंजिनाचे फेरे, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान आणि पेट्रोलची पातळी दाखवणारे मीटर दुरुस्त करून मूळ रूपात पुन्हा चालू करणे, किंवा बाहेरचे रूप तसेच ठेवून आतली यंत्रणा बदलणे, ही दोन्ही कामे या विषयात येतात. पहिल्याला जीर्णोद्धार व दुसऱ्याला फेरफार म्हणतात. दोहोंची कसोटी एकच : तबकडी जुनी दिसावी आणि काटा खरे सांगावा. नुसती चकचकीत तबकडी चालकाची दिशाभूल करते. ऑइलचा दाब उतरला असताना काटा जागचा हलला नाही, तर इंजिनाचे बेअरिंग काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

या नोंदीत मुख्य उदाहरण म्हणून एमजीबी ही ब्रिटिश मोटार घेतली आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे ही मोटार तयार होत असे. तिचे सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. गाड्या मोठ्या संख्येने टिकून असल्यामुळे त्यांच्या मीटरांच्या दुरुस्तीची रीतही बरीच पक्की झाली आहे. याच पिढीतील ट्रायंफ, ऑस्टिन-हीली व जॅग्वार गाड्यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

इतिहास : ब्रिटिश गाड्यांतील बहुतेक मीटर स्मिथ्स या कंपनीचे असत. सॅम्युएल स्मिथ यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये काढलेले घड्याळांचे दुकान हे तिचे मूळ. घड्याळजीच्या कौशल्यातूनच मोटारींच्या मीटरांचा धंदा उभा राहिला आणि लंडनच्या क्रिकलवूड भागात त्यांचा मोठा कारखाना झाला. अनेक स्पोर्ट्स गाड्यांच्या तबकडीवर ‘जेगर’ हे नाव दिसते. ब्रिटनमधील जेगर कंपनी स्मिथ्सच्या ताब्यात गेली होती, त्यामुळे नाव वेगळे असले तरी दुरुस्तीच्या दृष्टीने घराणे एकच. या मीटरांमागची तत्त्वे त्याहून जुनी आहेत. दाबमापकातील वक्रनलिकेचे पेटंट फ्रान्समध्ये युजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये घेतले, तर चुंबकी वेगमापकाचे पेटंट जर्मनीत ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये घेतले.

रचना व कार्य : एकाच डॅशबोर्डावर तीन-चार वेगवेगळ्या तत्त्वांचे मीटर शेजारी शेजारी बसलेले असतात. कोणता मीटर कशावर चालतो हे कळल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये.

(१) वेगमापक : गिअरबॉक्समधून आलेली लवचीक केबल मीटरमधील चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. ती चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो तिथे काटा थांबतो. किती मैल झाले हे मोजणारी आकड्यांची चाके त्याच केबलवर, पण दात्यांच्या मदतीने चालतात. म्हणूनच काटा बंद पडूनही मैल मोजले जातात, किंवा उलटही घडते.

(२) फेरेमापक : सुरुवातीच्या एमजीबीत हा मीटरही केबलवर चाले. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगांचे इंजिन आले आणि त्यासोबत इलेक्ट्रॉनिक मीटर आला. त्याच्या तबकडीवर ‘आरव्हीआय’ ही अक्षरे असतात. इग्निशन कॉइलकडे जाणारी पांढरी तार या मीटरच्या पाठीवरील गाभ्यातून वेढा घेऊन पुढे जाते. प्रत्येक ठिणगीच्या वेळी तारेतील प्रवाह तुटतो, त्याचा झटका आतल्या ट्रान्झिस्टरच्या मंडलाला मिळतो आणि झटक्यांच्या गतीनुसार काटा चढतो. नंतरच्या ‘आरव्हीसी’ प्रकारात कॉइलवरून सरळ जोडणी घेतात.

(३) ऑइलच्या दाबाचा मीटर : इंजिनातील ऑइल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येते. आत पितळेची चपटी, अर्धवर्तुळाकार वाकवलेली नळी असते. जत्रेत मिळणारी गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तशी ही नळी दाब वाढला की किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाची हालचाल काट्यापर्यंत पोचते. गरम झालेल्या एमजीबी इंजिनात गाडी चालताना हा दाब साधारण ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच असावा. गाडी उभी असताना तो बराच खाली येतो आणि त्यात चिंतेचे कारण नाही.

(४) तापमापक : जुन्या प्रकारात इंजिनातील पाण्यात बुडालेला एक फुगा, त्यात ईथर आणि तिथून मीटरपर्यंत आलेली केशनलिका असते. पाणी तापले की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो आणि मीटरमधील वक्रनलिका हलते. हा तापमापक म्हणजे प्रत्यक्षात दाबमापकच असतो.

(५) पेट्रोलचा मीटर : आधीच्या प्रकारात दोन कॉइलांच्या ओढीवर काटा फिरे आणि वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले की तोही नाचे. नंतरच्या प्रकारात द्विधातूची पट्टी आली. तिच्याभोवतीची तार तापते, पट्टी वाकते आणि काटा संथपणे सरकतो. हा मीटर बॅटरीच्या कमीजास्त व्होल्टेजवर चुकेल, म्हणून त्याला स्टॅबिलायझरमार्फत सरासरी १० व्होल्ट पुरवतात. मूळ स्टॅबिलायझरही द्विधातूचाच असतो. तो सतत चालू-बंद होत राहतो आणि त्यातून ही सरासरी साधते.

दोषनिदान : मीटर खोलण्याआधी बाहेरची कारणे तपासणे हा पहिला नियम. सगळ्या मीटरांचे दिवे मंद असतील तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. पेट्रोलचा काटा नेहमीच जास्त दाखवत असेल तर स्टॅबिलायझरच्या खोक्याचे अर्थिंग पाहावे. ते तुटले की मीटरला पूर्ण बॅटरीचे व्होल्टेज जाते. या स्टॅबिलायझरची वरची बाजू ठरलेली असते. तो आडवा किंवा उलटा बसवला तरी आकडा चुकतो. द्विधातूच्या मीटरात टाकीकडून येणारी तार मीटरच्या टोकाला सोडवली की काटा ‘रिकामी’कडे आणि मीटरचे ते टोक क्षणभर अर्थ केले की ‘भरलेली’कडे गेला पाहिजे. तसे घडले तर मीटर ठीक आणि दोष तारेत किंवा टाकीतील तरंगकात समजावा. ही चाचणी टाकीजवळ करू नये आणि टोक फार वेळ अर्थ करून ठेवू नये.

वेगमापकाचा काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलेली असते किंवा तिला कुठेतरी तीव्र वळण पडलेले असते. वळणाची त्रिज्या सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. ग्रीस लावताना मीटरकडच्या टोकाचा सुमारे २० सेंटिमीटर भाग कोरडा ठेवतात, कारण फिरत्या तारेच्या पिळावरून ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरते. ते चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये साचले की दोन्ही एकत्र फिरू लागतात आणि काटा एकदम टोकाला जाऊन आदळतो. तापमापकाचा काटा तळाशीच पडून राहिला तर केशनलिकेला चीर जाऊन ईथर उडून गेलेले असते.

जीर्णोद्धाराची पद्धत : काम सुरू करण्यापूर्वी तारांचे रंग, जोडण्या आणि काट्यांच्या जागा यांची छायाचित्रे घेतात, मग बॅटरी सोडवतात. मीटरचे क्रोमचे कडे स्क्रूने नव्हे, तर खाचांनी अडकवलेले असते. ते थोडे फिरवले की खाचा जुळतात आणि कडे निघते. आतला रबर कडक होऊन चिकटलेला असल्याने घाई केली तर कडे वाकते. रबर मऊ करून, दोन्ही हातांनी सारखा जोर देत ते फिरवावे.

काटा काढणे हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. वेगमापकात काटा शून्याजवळच्या पिनेला टेकलेला दिसतो, पण स्प्रिंगचा ताण त्याला त्याहूनही मागे ओढत असतो. म्हणून काटा आधी अलगद पिनेवरून उचलून मोकळा सोडतात आणि तो स्वतःहून जिथे थांबतो ती जागा टिपून ठेवतात. परत बसवताना तो त्याच जागी बसवून मग पिनेवर आणतात. ही खूण चुकली तर पुढचे सारे आकडे चुकतात.

तबकडीवरील अक्षरे छापलेली असतात. स्पिरिट किंवा थिनर लावल्यास ती पुसली जातात, म्हणून धूळ मऊ ब्रशने झटकून, फार तर किंचित ओलसर कापसाने तबकडी साफ करतात. अक्षरे बरीचशी शाबूत असतील तर थोडा पिवळटपणा तसाच ठेवणे हे नवी तबकडी छापण्यापेक्षा केव्हाही चांगले. डब्याच्या आतल्या बाजूला पांढरा रंग पुन्हा दिला की दिव्याचा उजेड नीट पसरतो आणि रात्री तबकडी स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही मीटरांवर, आणि नंतरच्याही काहींवर, अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग टिकून असतो. तो खरवडू नये आणि असे मीटर घरी उघडू नयेत.

तापमापकाची फुटलेली केशनलिका जोडण्यासाठी नव्या स्वस्त मीटरचा फुगा व नळी कापून मूळ मीटरला डाख देतात. त्या वेळी फुगा बर्फ व मिठाच्या मिश्रणात बुडवून ठेवतात, म्हणजे ईथर द्रवरूपात राहते आणि उडून जात नाही. ईथर अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम जाणत्या कारागिरानेच करावे. दुरुस्तीनंतर फुगा तापत्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरून आकडे पडताळतात. ऑइलच्या नळीच्या सांध्यातील चामड्याचा वायसर प्रत्येक वेळी नवा घालावा. तो गळला तर गरम ऑइल थेट चालकाच्या पायांवर येते.

अचूकता जुळवणे : वेगमापकाच्या तबकडीवर खाली १२८० सारखा एक छोटा आकडा असतो. केबलने एका मैलात किती फेरे घेतले म्हणजे मीटर खरे सांगेल, हे तो आकडा सांगतो. गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल किंवा टायर बदलले असतील तर हे गणित बिघडते. तपासण्याची रीत सोपी आहे. केबल मीटरपासून सोडवून तिच्या आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा बाण लावतात आणि गाडी सरळ रेषेत ५२ फूट ९.६ इंच, म्हणजे मैलाचा नेमका शंभरावा भाग ढकलतात. बाणाचे फेरे मोजून १०० ने गुणले की गाडीचा खरा आकडा मिळतो. १२.८ फेरे झाले तर १२८० चा मीटर बरोबर. तफावत असल्यास मीटरमधील दात्यांची जोडी बदलतात किंवा केबलच्या वाटेत छोटा गिअरबॉक्स बसवतात. चुंबक क्षीण झाला असेल तर काटा कमी वेग दाखवतो. अशा वेळी चुंबक नव्याने भारून, मग हवा तेवढा उतरवून तो जुळवतात.

फेरेमापकासाठी घरगुती विजेची वारंवारता हे उत्तम प्रमाण आहे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठिणग्या. ५० हर्ट्झची वीज सुरक्षित कमी व्होल्टेजवर उतरवून पूर्ण-तरंग दिष्ट केली की सेकंदाला १०० झटके मिळतात. तेवढ्यावर चार सिलिंडरचा मीटर ३,००० वर आणि सहा सिलिंडरचा २,००० वर थांबला पाहिजे.

फेरफार : १९६७ च्या अखेरीस एमजीबीचे विद्युत मंडल धन अर्थिंगऐवजी ऋण अर्थिंगचे झाले. त्याआधीच्या गाडीत अल्टर्नेटर बसवण्यासाठी ध्रुव बदलले, तर आरव्हीआय मीटरच्या आतल्या पुरवठ्याच्या तारा आणि गाभ्यातून जाणाऱ्या वेढ्याची दिशा, दोन्ही उलटवावी लागतात. तसे न करता जोडणी केली तर ट्रान्झिस्टर जळतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर जुना आरव्हीआय मीटर कधी कधी झटके ओळखत नाही. तेव्हा त्याच डब्यात नवे मंडल बसवून काटा आणि तबकडी मूळच ठेवतात.

द्विधातूच्या स्टॅबिलायझरच्या रिकाम्या खोक्यात १० व्होल्टचा छोटा रेग्युलेटर बसवणे हा लोकप्रिय फेरफार आहे. ऋण अर्थिंगच्या गाडीत ७८१० हा चालतो. धन अर्थिंगसाठी ७९१० लागतो. बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही. तबकडीच्या २.२ वॅटच्या बल्बऐवजी एलईडी लावता येतात, मात्र अल्टर्नेटर असलेल्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा मूळ तारेच्या बल्बचाच ठेवावा. अल्टर्नेटरला जागे करणारा प्रवाह याच बल्बातून जातो. एलईडी लावल्यास चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते. पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स बसवलेल्या गाड्यांत जुन्या वेगमापकाच्या डब्यात उपग्रहाधारित किंवा सेन्सरवर चालणारी यंत्रणाही बसवतात. भारतात आलेल्या ब्रिटिश गाड्यांच्या तबकड्या मैलांत असतात. अशा गाड्यांवर तबकडी बदलण्याऐवजी काचेच्या कडेवर किलोमीटरच्या खुणा करणे हा कमी हानीचा मार्ग आहे. ३० मैल म्हणजे सुमारे ४८ आणि ५० मैल म्हणजे सुमारे ८० किलोमीटर.

जतनाची तत्त्वे : फेरफार असा असावा की तो पुढे उलटवता येईल. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून गाडीसोबतच ठेवावा. गळका सांधा, सैल अर्थिंग आणि कोरडी केबल आधी दुरुस्त करावी. तबकडीला हात लावणे हा शेवटचा उपाय. मैल मोजणाऱ्या चाकांबाबत तर विशेष काटेकोर असावे. दुरुस्तीत आकडे हलले किंवा मीटरच बदलला, तर जुना आकडा, नवा आकडा व तारीख गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावी. खरेदीदाराला फसवण्यासाठी हा आकडा मागे नेणे ब्रिटन व अमेरिकेत गुन्हा आहे. अशी नोंद असली की गाडीचा पुढचा मालक मीटरवरचा आकडा डोळे मिटून नव्हे, तर पुराव्याने मानू शकतो.