झाड नेमकं कुणाचं?

मंडळी, नात्यावरून गडाकडे जाताना बांधांवरचे ऐन एकदा नीट बघा. हातपाय छाटल्यासारखे उभे दिसतात. बाहेरचा माणूस म्हणतो, शेतकऱ्यानं झाड मारलं. अहो, मारलं नाही, वापरलंय! शेण, त्यावर ऐन-किंजळाची कवळं, पातेरा, गवत, वर मातीचा थर, आणि पावसाआधी भाजणी. हा आपला राब. त्यात भाताचं रोप जोमानं येतं आणि छाटलेलं झाड पुन्हा फुटतं. २०१४ साली देशाचं कृषिवनीकरण धोरण आलं, पण शेतात झाड ठेवायचं हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग आज रोप घ्यायला माणूस का कचरतो? आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला कारण जुनं वाटतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (व्हॉट्सअॅपवर थेट महाराजांच्या नावानं फिरतं ते हेच) आंबा-फणस तोडायचाच झाला तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडा, असं बजावलंय. म्हणजे झाड लावणाऱ्याचं. इंग्रजांनी हे उलटं केलं. १८७८ चा वनकायदा आला, रानातली कवळं तोडण्यावर बंधनं आली. राब बंद तर भात कसं करायचं? ठाणे आणि आपल्या कुलाबा जिल्ह्यात एवढी ओरड झाली की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

वर खोत होताच. पिकातला वाटा त्याला, आणि जमिनीवरून कधी उठवतील नेम नाही. अशा कुळानं कित्येक वर्षांनी फळणारा फणस कशाला लावावा? महाडच्या सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी, १९३७ साली, बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक विधिमंडळात मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पुढे कुळकायद्यानं जमीन नावावर आली, पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं स्वतःच्या बांधावरचा ऐन, किंजळ, आंबा तोडायलाही परवानगी लागू लागली. हेतू चांगला होता. पण आपलंच झाड तोडायला कचेरीत खेटे घालायचे म्हटल्यावर उगवलेलं रोपटं लहानपणीच उपटलेलं बरं, असं कुणाला वाटलं तर त्याला काय दोष द्यायचा?

हाच शेतकरी १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला पैसे मिळाले तेव्हा मागे राहिला नाही. कोकणभर नाचणी-वरीच्या वरकसावर आंबा-काजू उभे राहिले. फळ आपलं, विकायला कुणाला विचारायचं नाही, एवढंच पुरलं.

आता अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सातबाऱ्यावर डझनभर नावं, निम्मी मुंबईत. गावात राहणारा एकटा. शिमग्यानंतर वणवा लागला की विझवायला माणसं नाहीत, वानरं आहेतच. अशात लाकडाचा व्यापारी येतो, सगळं रान उक्तं घेतो, रोख मोजतो.

तुमच्या वाडीत शेवटचा फणस कुणी लावला, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं का? जुन्या माणसांना विचारून खाली लिहा.